हिरडीच्या खाचेतील द्रव काय सांगतो?

गेल्या पावसाळ्यात दहिवलीतील माझ्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. औषधे तीच, पथ्य तेच, तरीही रक्तातील साखर चढलेली. तोंड पाहिले, तर हिरड्या सुजलेल्या आणि खालचे दोन दात हलत होते. “वय झालं डॉक्टर, दात हलायचेच,” आजी म्हणाल्या. दुखत नव्हते, म्हणून घरातही कोणी लक्ष दिले नव्हते.

दात केवळ वयामुळे हलत नाहीत. बहुधा पायरियामुळे हलतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक खाच असते. निरोगी अवस्थेत तिची खोली १ ते ३ मिलिमीटर असते. त्या खाचेत पाझरणारा द्रव हिरडी सुजली की वाढतो. कागदाच्या पट्टीने तो टिपून त्यातील विकरे, म्हणजेच एन्झाइम, मोजता येतात. यकृताच्या अहवालात आपण वाचतो ते एसजीओटी, पेशी मरू लागल्या की या द्रवातही उतरते. एमएमपी-८ हे विकर मुख्यतः पांढऱ्या पेशींतून बाहेर पडते आणि हिरडीला बांधून ठेवणारे कोलॅजेनचे धागे तोडते.

दंतवैद्याची मोजपट्टी व एक्स-रे आजवर किती झीज झाली ते दाखवतात. विकरे सध्या झीज चालू असल्याचा संकेत देतात. एमएमपी-८ची काही मिनिटांत होणारी चाचणीही निघाली आहे. तथापि एकट्या विकरावरून निदान होत नाही. मोजपट्टी अजूनही आवश्यकच आहे. म्हणून अशा चाचणीची वाट पाहत बसू नये.

घासताना रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी, हिरडी मागे सरणे, दात हलणे, यांपैकी काहीही दिसल्यास दंतवैद्याकडे जावे. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये. मऊ ब्रश दिवसातून दोनदा वापरावा. मिश्री सोडावी, तिच्यात तंबाखूच असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास दंतवैद्यांना सांगावे, स्वतःहून बंद करू नये. अंथरुणाला खिळलेल्यांचे तोंड घरच्यांनी रोज तपासावे. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्थानकाजवळ आहे. कर्जतहून थेट लोकल मिळते.

मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर चढवतात. आजींचा एक दात काढावा लागला, दुसरा टिकला. उपचारानंतर साखरही थोडी उतरली. आज घरातील ज्येष्ठांना एवढेच विचारा: “घासताना रक्त येतं का?”