काट्यांचा उजेड
पुण्यात बनलेला टाटाचा पिकअप 1990च्या दशकात ब्रिटनमध्ये 'लोडबीटा' या नावाने विकला जात होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावीही नसतं. तिथे डिसेंबरात चारलाच अंधारून येतं आणि खेड्यांकडच्या रस्त्यांवर दिवे नसतात. अशा वेळी या पिकअपसारख्या गाडीत हौसेने बसवलेल्या ऑइल प्रेशरच्या मीटरचा दिवा डोळ्यांत खुपला, की समोरचं वळण दिसेनासं होतं. म्हणून हा दिवा डॅशबोर्डच्या डिमरवर घ्यायचा. जुन्या लँड रोव्हरमध्ये हे काम सोपं. लाल वायर साइड लाइटची, लालवर पांढरी रेघ असलेली डॅशबोर्डच्या दिव्यांची. मीटरचा दिवा या दुसरीवर जोडायचा, काळी अर्थला. घोळ घालतो तो एलईडी. जुना डिमर म्हणजे साधा बदलता रोध. 2.2 वॉटचा बल्ब त्याने मंदावतो. एलईडी करंटच इतका कमी ओढतो, की नॉब कितीही फिरवा, काडीचाही फरक पडत नाही. त्याला पल्सवर चालणारा डिमरच लागतो. काही जपानी पिकअपमध्ये तर डिमर अर्थच्या बाजूला असतो. तिथे मीटरची काळी वायर बॉडीला जोडली, की दिवा कायम फुल्ल. तेव्हा वायर कापण्याआधी टेस्टर लावून बघा, आणि फ्यूजचा कंटाळा करू नका.