अरण्याविना अभय

‘सँक्च्युअरी’ या इंग्रजी शब्दासाठी मराठी, हिंदी, गुजराती आणि बंगाली या चारही भाषांनी ‘अभयारण्य’ हा एकच शब्द पत्करला आहे. शब्द इतका देखणा आहे की त्याच्या दोन घटकांची झडती घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अभय देणारा कोणी समर्थ असावा लागतो, बहुधा राजा. आणि अरण्य म्हणजे माणसाची वस्ती जेथे संपते ती भूमी. पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशात कूरे येथे जिराफ पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाला ही दोन्ही गृहीते गावाच्या वेशीवरच सोडून द्यावी लागतात.

कूरे हे राजधानी नियामेपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेथे कुंपण नाही. प्रवाशाने शुल्क भरावयाचे, स्थानिक वाटाड्यांच्या संघातील एकास गाडीत घ्यावयाचे आणि तो नेईल तिकडे जावयाचे, अशी रीत पडली. जिराफ भेटतात ते पुष्कळदा बाजरीच्या शेतांच्या आसपास. पावसाळ्यात ते पठारावरील झुडपी रानात असतात. (हे रान विमानातून पट्टेरी दिसते म्हणून फ्रेंचांनी त्याला वाघाचे नाव दिले; वाघ त्या खंडात नाही, पण उपमेला त्याची अडचण होत नाही.) पावसाळा सरला की कळप दल्लोल बोस्सोच्या कोरड्या खोऱ्याकडे उतरतात. त्या खोऱ्यात ‘गाओ’ नावाचा बाभळीच्या कुळातील वृक्ष आहे. इतर झाडांच्या उलट तो पावसाळ्यात पाने ढाळतो आणि उन्हाळ्यात हिरवा होतो. बाजरी वाढत असताना त्याची सावली पडत नाही आणि गळलेल्या पाल्याने जमिनीचा कस वाढतो, म्हणून शेतकरी तो तोडीत नाही. ऐन उन्हाळ्यात जिराफाला जो हिरवा घास मिळतो, तो असा शेतकऱ्याने आपल्या हिशेबाने राखलेला असतो.

एके काळी सेनेगलपासून चाड सरोवरापर्यंत पसरलेल्या या पश्चिम आफ्रिकी जिराफांपैकी १९९६ साली अवघे ४९ उरले होते, आणि ते सारे याच टापूत. २०१८ च्या सुमारास त्यांची संख्या सहाशेच्या वर गेली. शिकारीला कायद्याने बंदी झाली, सिंह तेथून केव्हाच नाहीसे झाले होते, परदेशी संस्थांनी गावांना लहान कर्जे दिली, वाटाड्यांना मिळकत झाली. कारणे अनेक आहेत. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि तिचा उल्लेख अहवालांत ओझरता येतो: गावकऱ्यांनी जिराफाला हाकलून लावले नाही. हा प्राणी साठवून ठेवलेल्या चवळीत तोंड घालतो, आंब्याच्या झाडांची नासधूस करतो. नायजरसारख्या दरिद्री देशात चवळीची रास म्हणजे पुढल्या हंगामापर्यंतचे अन्न होय. जिराफांना अभय मिळाले ते या राशीतून. त्याला ‘लोकसहभाग’ म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक सहभागी झाली आहे ती परदेशी संस्था, आणि मूळ कार्य लोकांचे आहे.

नावांतूनही हेच दिसते. ज्यांनी जिराफ एक नवल म्हणून पाहिला त्यांनी त्याचे नाव इतर प्राण्यांचे तुकडे जोडून बनविले: लॅटिनने उंट आणि बिबट्या एकत्र केले, फारसीने त्यांत गाईचीही भर घालून ‘उश्तुर-गाव-पलंग’ असा समास रचला. नायजरमध्ये सर्वदूर बोलली जाणारी हौसा भाषा मात्र त्याला ‘राकुमिन दाजी’, म्हणजे ‘रानातला उंट’ म्हणते. दारातला उंट आणि रानातला उंट! हे नाव शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेले आहे. मराठीने अरबी नाव इंग्रजीच्या वाटेने उसने घेतले. ज्या प्राण्याशी कधी गाठ पडली नाही त्याच्याविषयी तक्रारही संभवत नाही.

मात्र या शेजाराचे गोडवे गाताना ९ ऑगस्ट २०२० हा दिवस विसरता येत नाही. त्या दिवशी कूरे येथे जिराफ पाहावयास आलेले सहा फ्रेंच मदतकार्यकर्ते, त्यांचा चालक आणि त्यांचा वाटाड्या अशा आठ जणांची बंदूकधाऱ्यांनी हत्या केली. वाटाड्या तेथील वाटाड्यांच्या संघाचा प्रमुख होता. सरकारने त्या क्षेत्रातील प्रवेश स्थगित केला. जिराफांना अभय देणाऱ्यांना स्वतःला अभय नव्हते, आणि पाहुण्यांच्या शुल्कावर जो भार तोलला जात होता तो पुन्हा चवळीच्या राशीवर आला. वन्यजीवनावरील प्रवासवर्णनांना प्राणी दिसतो, क्वचित वाटाड्याही दिसतो. ही रास बहुधा दिसत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे होती, शेते होती, बाजारपेठा होत्या. अरण्य तेवढे नव्हते. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने ‘अभयारण्य’ हा शब्द तेथील शेतकऱ्याच्या कानाला धाकासारखा लागू लागला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. कूरे येथे शेतकऱ्याच्या मर्जीने जे घडले ते येथे राजपत्राच्या शब्दाने घडले नाही. दोन्ही ठिकाणची परिस्थिती भिन्न आहे हे मान्य करूनही हा फरक नजरेआड करता येत नाही.

लोकांनी चालविलेल्या संरक्षणासाठी मराठीत ‘देवराई’ हा जुना शब्द आहे, पण तिच्या मुळाशी देवाचे भय आहे. झाडाला अभय मिळते ते माणसाला भय वाटते म्हणून. कूरे येथे असा देव नाही. त्यापेक्षा शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला ‘राखण’ हा शब्द अनुवादकांनी वापरून पाहावा. त्यात राजाही नाही आणि अरण्यही नाही. आहे तो फक्त जागणारा माणूस. जनावरांपासून पिकाची राखण असा त्याचा नेहमीचा अर्थ आहे, आणि तो अर्थ कूरेतही सुटलेला नाही: चवळी काढणीला आली की तेथील शेतकऱ्याला दोन्ही राखणी एकाच शेतात कराव्या लागतात.