तलाव मालकाचा, धोका पोहणाऱ्याचा?

‘आपापल्या जबाबदारीवर पोहावे’ अशी पाटी अनेक जलतरण तलावांवर लावलेली असते. तलाव बांधणारा, त्याची खोली ठरविणारा, जीवरक्षक नेमणारा किंवा न नेमणारा मालक. फी घेणाराही तोच. जबाबदारी मात्र पोहणाऱ्याची! एका पाटीने कायद्याने आलेले कर्तव्य पुसता येत असते, तर प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर अशी पाटी झळकली असती. पाण्यात उतरणारा माणूस पाण्याचा स्वाभाविक धोका पत्करतो. उथळ पाण्यावर बसविलेली सूर मारण्याची फळी, तळाशी तुटलेली जाळी किंवा गैरहजर जीवरक्षक हे धोके त्याने पत्करलेले नसतात. हा भेद न्यायशास्त्राला नवा नाही. तथापि प्रत्यक्षात जखमी माणसाच्या पदरात काय पडते, हे दिल्लीतील एका खटल्यावरून दिसते.

१९७२ साली एका जर्मन विमान कंपनीचा सहवैमानिक दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलात उतरला होता. तेथील तलावात त्याने सूर मारला आणि त्याचे डोके तळावर आदळले. शरीर लुळे पडले. त्या अवस्थेत तेरा वर्षे काढून, दावा प्रलंबित असतानाच, १९८५ मध्ये तो मरण पावला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाचा निकाल लागला तो १९९७ मध्ये, म्हणजे अपघातानंतर पंचवीस वर्षांनी. न्यायालयाने हॉटेलला जबाबदार धरून पन्नास लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. पुढे अपिलात खंडपीठाने हा निकाल फिरविला. वादीच्या मृत्यूबरोबर त्याचा दावाही संपुष्टात आला, असे त्याचे कारण होते.

शरीराला झालेल्या इजेचा दावा त्या माणसाबरोबरच मरतो, हे सूत्र आपण इंग्रजांच्या कायद्यातून घेतले. खुद्द इंग्लंडने १९३४ मध्येच कायदा करून ते बव्हंशी मोडीत काढले. आपल्याकडे १९२५ च्या वारसा कायद्यातील तरतुदीच्या रूपाने ते टिकून राहिले. याचा आर्थिक अर्थ विदारक आहे. दावा जितका लांबेल तितका मालकाचा फायदा, आणि वादी मेला तर संपूर्ण फायदा. विलंब हीच ज्याची मिळकत, तो खटला लवकर संपविण्याची घाई कशाला करील?

एकसदस्य पीठाच्या निकालातील युक्तिवादही बारकाईने तपासण्याजोगा आहे. पंचतारांकित हॉटेल भरमसाट दर आकारते, म्हणून पाहुण्याच्या सुरक्षिततेची काळजीही त्याने तितक्याच उच्च प्रतीची घेतली पाहिजे, असे त्याचे सार होते. त्या हॉटेलापुरते हे योग्यच होते. परंतु याच तर्काची दुसरी बाजू अशी निघते की, ज्याने कमी पैसे दिले त्याला कमी काळजी आणि ज्याने काहीच दिले नाही त्याला काहीच नाही. ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या कायद्याने मोफत सेवा आपल्या कक्षेबाहेर ठेवली, २०१९ च्या कायद्यानेही तेच केले. मग नगरपालिकेच्या तलावात विनामूल्य उतरलेला झोपडपट्टीतला मुलगा, किंवा तलाव साफ करणारा ठेकेदाराचा मजूर, यांना ग्राहक मंचाचे दार बंद. त्यांच्यासाठी उरते ते दिवाणी न्यायालय, मागणीच्या प्रमाणात भरावी लागणारी कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा.

जबाबदारी किमतीवर अवलंबून असता कामा नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच मान्य केले होते. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, तेव्हा त्याची मालक असलेल्या महापालिकेला न्यायालयाने जबाबदार धरले. दोष वरून दिसत नव्हता, ही सबब ऐकून घेतली नाही. मनोऱ्याखालून जाणाऱ्यांनी तिकीट काढले नव्हते. धोका ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची, हे सूत्र तलावालाही लागू व्हायला हवे.

खाजगी उद्योग आपल्या खर्चाचा मोठा वाटा समाजावर ढकलतो, हे अर्थशास्त्रज्ञ कॅप यांनी १९५० मध्ये आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. जीवरक्षकाचा पगार मालकाच्या वहीत खर्च म्हणून नोंदला जातो. मान मोडलेल्या मुलाला आयुष्यभर उचलून ठेवणाऱ्या आईचे श्रम कोणत्याच वहीत येत नाहीत. पगार वाचविला की नफा दिसतो; वस्तुतः तो खर्च एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला असतो.

जबाबदारी कडक केली तर नगरपालिकांचे स्वस्त तलाव बंद पडतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो उडवून लावण्याजोगा नाही. गरिबांच्या मुलांना पोहायला मिळणे अगत्याचे आहे. परंतु या अडचणीवर उपाय आहे तो विम्याचा. घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने विमा सक्तीचा केला आणि दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता तातडीच्या मदतीची सोय केली. हीच योजना तलावाच्या परवान्याला जोडता येईल. हप्त्याचा भार सर्व तलावांवर व सर्व पोहणाऱ्यांवर वाटला जाईल, एका कुटुंबावर कोसळणार नाही.

कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. विम्याशिवाय तलावाला परवाना नको. तलाव ठेक्याने दिला तरी पालिका, हॉटेल वा गृहनिर्माण संस्था यांची जबाबदारी सुटता कामा नये. आणि जखमीचा दावा त्याच्या मृत्यूनंतर वारसांना चालविता यावा, अशी दुरुस्ती वारसा कायद्यात व्हावी. पहिल्या दोन मागण्यांसाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या गावचा तलाव कोणत्या अटींवर ठेक्याने दिला आहे, करारात जीवरक्षक किती आणि प्रत्यक्षात काठावर किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. उन्हाळ्याच्या सुटीत तलाव मुलांनी भरतात. त्यापूर्वीच्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न उपस्थित झाला पाहिजे.