विश्लेषण : हृदयविकाराच्या झटक्यानंतर ‘बीटा ब्लॉकर’ सर्वांनाच हवी का?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या औषधांत एक गोळी गेली अनेक वर्षे ठरलेली आहे – मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर. अनेकांना ती वर्षानुवर्षे सुरू राहते. मात्र, २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांमुळे या प्रघातावर प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे. मग ही गोळी बंद करायची का?

ही गोळी काय करते?

झटक्यानंतरच्या प्रत्येक गोळीचे काम वेगळे असते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. स्टॅटिन कोलेस्टेरॉल घटवते. रॅमिप्रिलसारखी औषधे रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार कमी करतात. बीटा ब्लॉकर हृदयावरील ॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखते. त्यामुळे ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर कमी होतो आणि हृदयाची प्राणवायूची गरज घटते.

प्रश्न आताच का?

या गोळीचा फायदा दाखवणारे बहुतेक पुरावे १९८०च्या दशकातील किंवा त्याआधीचे आहेत. तेव्हा स्टेंट आणि स्टॅटिन नव्हते. आज वेळेत अँजिओप्लास्टी झाली, तर हृदयाचा बराचसा स्नायू वाचतो.

नवे निष्कर्ष काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये माद्रिद येथील युरोपीय हृदयरोग परिषदेत ‘रीबूट’ चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले. स्पेन आणि इटलीतील सुमारे साडेआठ हजार रुग्णांत बीटा ब्लॉकरमुळे मृत्यू, पुन्हा झटका किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणे कमी झाले नाही. त्याच परिषदेतील नॉर्वे-डेन्मार्कच्या चाचणीत मात्र फायदा दिसला. मृत्यू किंवा हृदयाशी संबंधित गंभीर घटना गोळी घेणाऱ्यांत १४.२ टक्के, तर न घेणाऱ्यांत १६.३ टक्के होत्या.

मग गरज कोणाला?

उत्तर टूडी इकोच्या अहवालातील ‘ईएफ’ या आकड्यात आहे. डाव्या कप्प्यातील रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, हे तो सांगतो. ईएफ ४० पेक्षा कमी असेल, तर बीटा ब्लॉकर आवश्यक मानली जाते. ४० ते ४९ असलेल्यांनाही फायदा होतो, असे चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले. ईएफ ५० किंवा अधिक असेल आणि दुसरे कारण नसेल, तर फायदा दिसत नाही.

स्वतःहून बंद केली तर?

तसे करणे धोक्याचे आहे. गोळी अचानक थांबवल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतो, छातीत दुखू शकते, पुन्हा झटकाही येऊ शकतो. शिवाय हीच गोळी काहींना रक्तदाब, अंजायना किंवा ठोक्यांच्या अनियमिततेसाठी दिलेली असते. फ्रान्समधील ‘ॲबिस’ चाचणीत (२०२४) स्थिर रुग्णांची गोळी थांबवल्यानंतर त्यांचा रक्तदाब आणि ठोके वाढल्याचे दिसले.

त्यामुळे पुढच्या तपासणीला इकोचा अहवाल सोबत न्यावा आणि डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत : माझा ईएफ किती? ही गोळी मला नेमकी कशासाठी? गोळी थांबवायचीच ठरली, तर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करत नेतात.