विश्लेषण : जपानमध्ये चिकन, आइसलँडमध्ये पुस्तके… नाताळच्या परंपरा जन्माला येतात कशा?

लाल टोपीतला सांताक्लॉज, सजवलेले झाड आणि केक ही नाताळची जगभरातली ओळख. प्रत्यक्षात मात्र देश बदलला की हा सण बदलतो, आणि यातल्या अनेक प्रथा आपल्याला वाटतात तितक्या जुन्याही नाहीत. मग 'ही खरी परंपरा, ती नकली' हा दरवर्षीचा वाद कितपत योग्य आहे?

जपानमध्ये नाताळला 'केएफसी' का?

जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का आहे आणि २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टीही नसते. तरीही या दिवसांत केएफसीच्या दुकानांपुढे रांगा लागतात. अनेक कुटुंबे काही आठवडे आधीच चिकनची ऑर्डर देऊन ठेवतात. ही प्रथा सुरू झाली ती जाहिरातीतून. कंपनीने १९७४ मध्ये 'नाताळला केंटकी' अशी देशभर मोहीम राबवली. लोकांकडे या सणाचा ठरलेला बेत नव्हता, तो कंपनीने दिला.

आइसलँडमध्ये पुस्तकांचा पूर का येतो?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आइसलँडमध्ये आयातीवर कडक निर्बंध होते. भेटवस्तू मिळणे कठीण झाले होते, पण कागद त्या मानाने उपलब्ध होता. त्यामुळे नाताळला पुस्तक देण्याची पद्धत रुजली. १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादी छापली जाऊ लागली आणि ती घरोघरी पोहोचू लागली. आज २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पुस्तके भेट दिली जातात. वर्षअखेरीस येणाऱ्या नव्या पुस्तकांच्या या लाटेला तिथे 'नाताळातला पुस्तकांचा पूर' अशा अर्थाचे नावच पडले आहे.

बॉस्टनला कॅनडातून झाड का येते?

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दोन जहाजांची टक्कर झाली. त्यातले एक स्फोटकांनी भरलेले होते. स्फोटात सुमारे दोन हजार माणसे दगावली. अमेरिकेतील बॉस्टनहून त्याच रात्री मदतीची रेल्वे निघाली. त्याची आठवण म्हणून पुढच्या वर्षी हॅलिफॅक्सने बॉस्टनला नाताळचे झाड पाठवले. १९७१ पासून हे झाड दरवर्षी पाठवले जाते.

युक्रेनने तारीखच का बदलली?

युक्रेनमध्ये बहुसंख्य लोक जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार ७ जानेवारीला नाताळ साजरा करत. रशियन चर्चचा नाताळही त्याच दिवशी असतो. रशियाच्या आक्रमणानंतर २०२३ मध्ये युक्रेनने कायदा करून नाताळची सुट्टी फक्त २५ डिसेंबरला ठेवली. मॉस्कोशी नाते असलेल्या चर्चचे अनुयायी मात्र जुनीच तारीख पाळतात. त्यामुळे युक्रेनमध्ये आता कोणता दिवस पाळायचा, हा केवळ श्रद्धेचा प्रश्न राहिलेला नाही.

मग 'खरी' परंपरा कोणती?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधायला गेले तर पंचाईत होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. हा नियम करणारे प्युरिटन स्वतः ख्रिस्तीच होते. बायबलमध्ये या सणाचा आदेश नाही, म्हणून त्यांना तो अस्सल वाटत नव्हता.

परंपरेची किंमत तिच्या वयावर ठरत नाही, हाच याचा अर्थ. टंचाई, कृतज्ञता, युद्ध, अगदी जाहिरातही तिला जन्म देऊ शकते. यावर एक आक्षेप रास्त आहे : असे असेल तर बाजार उद्या कोणतीही गोष्ट सण म्हणून गळ्यात मारेल. धोका खरा आहे. म्हणूनच वयापेक्षा वेगळी कसोटी हवी. खरेदी बाजूला काढली तर त्या प्रथेत माणसामाणसांतले काही उरते का? हॅलिफॅक्सच्या झाडात नक्कीच उरते. जपानच्या चिकनमध्येही एकत्र जेवणारे कुटुंब उरते. मात्र जी प्रथा फक्त बिलापुरती असते, ती कितीही गाजली तरी पोकळच.

ही कसोटी समजून घ्यायला फार लांब जायला नको. गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे गोडाचे ताट जाते. त्याला 'कोन्सुआद' म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण ताटातली नेवरी म्हणजे आपली करंजी आणि दोदोल तांदूळ, नारळ व गुळाचा. दिवाळीत हिंदू घरांतून फराळाचे ताट उलट दिशेने जाते. यातला कोणता पदार्थ मूळचा कोणाचा, हे विचारत बसण्यापेक्षा ताटांची ही ये-जा चालू आहे ना, हे पाहणे जास्त महत्त्वाचे. ती थांबली, तर सण कॅलेंडरवर राहील, पण शेजार हरवेल.