सगळ्यात वरचं उत्तर बरोबर असतंच असं नाही

(पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात जमिनीचा, वाटणीचा विषय चालू आहे त्यांनी निदान पहिला अर्धा भाग वाचाच.)

"वडील २००५ च्या आधी वारले. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळतो का?"

हा प्रश्न मराठीत इंटरनेटवर सारखा विचारला जातो. शब्द बदलतात, प्रश्न तोच. (भाऊबीज आणि हक्कसोड पत्र यांचा सीझन एकच असावा अशी मला दाट शंका आहे.)

आता असं समजा की एखाद्या प्रश्नोत्तरांच्या साईटवर २०१६ साली एका चांगल्या, अभ्यासू वकिलाने याचं उत्तर दिलं, "नाही मिळत." का? तर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या खटल्यात सांगितलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील आणि मुलगी दोघंही हयात असायला हवेत. उत्तर मुद्देसूद, निकालाचा हवाला दिलेला, भाषा सोपी. चारशे लोकांनी वरचा बाण दाबला. रास्तच होतं. त्या दिवशी ते उत्तर बरोबर होतं.

मग ११ ऑगस्ट २०२० उजाडला. 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने आधीचं म्हणणं फिरवलं. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला जिवंत होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. (२० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर ती मात्र पुन्हा उकरता येत नाही. हेही लक्षात ठेवा.)

म्हणजे ते चारशे मतांचं उत्तर एका दिवसात चुकीचं झालं. पण चारशे मतं काही कुठे गेली नाहीत! २०२१ मध्ये कुणीतरी नवा निकाल सांगून बरोबर उत्तर लिहिलं, त्याला तीस मतं पडली. ते खाली. जुनं वर. आणि एखादी ताई मोबाईलवर पहिलं उत्तर वाचते, "आपल्याला काही मिळणारच नाहीये तर कशाला भावाशी वाकडं घ्या" म्हणते, आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन सही करून येते. एकदा नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र रद्द करायला कोर्टाची किती वर्षं आणि किती हेलपाटे लागतात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

यात कुणी खोटं बोललं का? नाही. वकिलाने मनापासून लिहिलं, लोकांनी मनापासून मत दिलं. घोळ झाला तो उत्तरं लावण्याच्या पद्धतीत. म्हणून मला हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा वाटत नाही. कोणतं उत्तर वर ठेवायचं हे ठरवणं म्हणजे लोकांनी काय खरं मानायचं हे ठरवणं. आपण पहिलं उत्तर वाचतो, फार तर दुसरं. पाचव्या उत्तरापर्यंत जाणारा माणूस एकतर अभ्यासक असतो नाहीतर रिकामटेकडा.

सगळ्यात जुनी, सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे बेरीज-वजाबाकी. वरचे बाण वजा खालचे बाण. दिसायला न्याय्य. पण गणित करून बघा. एका उत्तराला ६०० लोकांनी चांगलं म्हटलं, ४०० लोकांनी वाईट. शिल्लक २००. दुसऱ्याला १५० चांगलं, १० वाईट. शिल्लक १४०. पहिलं वर जाईल. दर दहातले चार लोक ज्याला नाक मुरडतात ते उत्तर वर, आणि दहातले नऊ जण ज्याला मान डोलावतात ते खाली. हा कुठला न्याय?

बरं, मग टक्केवारी लावा म्हणाल, तर वेगळी गंमत. तीनच मतं, तिन्ही चांगली (त्यातलं एक मेव्हण्याचं), म्हणजे १०० टक्के. आणि शंभरातली नव्वद चांगली असलेलं उत्तर ९० टक्क्यांवर, म्हणून खाली.

यावर उपाय फार जुना आहे. एडविन विल्सन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९२७ मध्येच एक सूत्र मांडलं होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर मतं कमी असतील तर आपली खात्रीही कमी, म्हणून अंदाज बांधताना हात आखडता घ्या. ९५ टक्के खात्रीने हिशोब केला तर तीनपैकी तीन मतांच्या उत्तराला साधारण ४४ टक्के गुण पडतात आणि शंभरपैकी नव्वदवाल्याला साधारण ८३. आता क्रम बरोबर लागला. २००९ मध्ये इव्हान मिलर यांनी यावर लेख लिहिला, आणि त्याच वर्षी रेडिटने आपल्या कमेंट लावायला हे सूत्र घेतलं. ते लोकांना समजावून सांगणारा लेख रँडल मन्रो यांचा, तेच एक्सकेसीडी कार्टूनवाले. शंभर वर्षांपूर्वीचं कॉलेजातलं संख्याशास्त्र आहे हे, रॉकेट सायन्स नाही. आज एखादी साईट नुसती वजाबाकी लावून बसली असेल तर तो आळस आहे.

मराठीसाठी तर हे जास्तच महत्त्वाचं. इंग्रजीत एका उत्तराला हजारो मतं पडतात, तिथे चुका थोड्याफार घासून निघतात. आपल्याकडे बारा-पंधरा मतांवर निकाल लागतो, आणि त्यातली आठ एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आलेली असू शकतात. 'माझ्या उत्तराला अपव्होट द्या' अशा लिंका तुम्हालाही आल्या असतीलच.

दुसरी पद्धत, ज्याने प्रश्न विचारला त्यानेच निवडायचं. याहू आन्सर्समध्ये असंच होतं, २००५ पासून ४ मे २०२१ ला दुकान बंद होईपर्यंत. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामर लोकांची साईट २००८ साली सुरू झाली, तिथेही विचारणाऱ्याने हिरवी टिकमार्क दिलेलं उत्तर कायम सगळ्यात वर राहायचं, मतं कितीही असोत. ऐकायला बरं वाटतं. पण जरा विचार करा राव, ज्याला उत्तर माहीत नाही म्हणून त्याने प्रश्न विचारला, तोच परीक्षक! शेवटी २०२१ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने हे बंद केलं. टिकमार्क राहिली, वरची जागा गेली. पुढच्या वर्षी त्यांनी ताज्या मतांना जास्त वजन देणारी मांडणीही आणली, कारण दहा वर्षांपूर्वीचं उत्तर जुन्या मतांच्या जोरावर सिंहासनावर बसलेलं असायचं आणि तो कोड आता चालायचाच नाही. आपल्या हक्कसोड पत्राचीच गोष्ट, फक्त तिथे नुकसान एका संध्याकाळचं होतं आणि इथे दोन एकराचं.

आणखी एक भानगड आहे, घाईची. जो पहिल्यांदा उत्तर देतो त्याला पहिली मतं मिळतात, मग तो वर दिसतो, वर दिसतो म्हणून आणखी मतं मिळतात. गावात ज्या वडापावच्या गाडीवर गर्दी तिथेच नवीन माणूस थांबतो, तसंच. हे नुसतं माझं मत नाही. २०१३ मध्ये मुचनिक, अरल आणि टेलर या संशोधकांनी एका साईटवर लाखभर कमेंटवर प्रयोग केला आणि तो 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. काही कमेंटना त्यांनी स्वतःच गुपचूप एक चांगलं मत देऊन टाकलं. फक्त एक. त्या एका मतामुळे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. वाईट मत दिलं तर मात्र पुढच्या लोकांनी ते भरून काढलं. म्हणजे आपण खोटी निंदा ओळखतो, पण खोट्या कौतुकामागे आनंदाने चालत जातो. निवडणुकीच्या तोंडावर या प्रयोगाची आठवण येते, असो.

म्हणून माझं म्हणणं, नव्या प्रश्नावर पहिले काही दिवस मतांचा आकडा दाखवूच नका आणि उत्तरं आलटूनपालटून वर-खाली ठेवा. प्रत्येकाला वाचलं जाण्याची एक संधी मिळू द्या. मग लावा क्रम.

काहीजण म्हणतील, लोकशाही आहे, जास्त लोकांना जे पटलं ते वर, यात चूक काय? चूक ही की मत देऊन आपण 'आपल्याला कोण हवं' ते ठरवतो, 'काय खरं' ते नाही. साप चावला तर काय करायचं, हा प्रश्न घ्या. वर घट्ट दोरी बांधा, ब्लेडने चीर द्या, तोंडाने विष ओढून काढा. कित्येक सिनेमांत बघितलंय, आजीने सांगितलंय, त्यामुळे अशा उत्तराला धडाधड मतं पडणार. पण हे तिन्ही उपाय घातक आहेत. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलवू देऊ नका, आणि जिथे सर्पदंशाची लस आहे त्या दवाखान्यात ताबडतोब पोचवा. बस. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, काहीही असो. हे उत्तर दोन ओळींचं आणि नीरस. ते वर कसं येणार?

इथे मतांपेक्षा माणूस कोण आहे याला वजन हवं. आरोग्य आणि कायदा या दोन विषयांत तरी खऱ्या डॉक्टरचं, खऱ्या वकिलाचं, किंवा जागेवर काम केलेल्या माणसाचं मत चार सामान्य मतांच्या बरोबरीचं धरा. यात धोका आहे, मला माहीत आहे. निळी टिक लावून काढे विकणारेही आपल्याकडे भरपूर. म्हणून वजन द्या, मक्तेदारी देऊ नका. आणि डॉक्टर असलेला माणूस शेअर बाजारावर बोलत असेल तर तिथे त्याचं वजन आपल्याइतकंच.

पण सगळ्यात मोठी सुधारणा मला विचाराल तर बाण बदला. एका बाणात आपण किती गोष्टी कोंबतो! उत्तर बरोबर वाटलं म्हणून बाण, लिहिण्याची शैली आवडली म्हणून बाण, हसू आलं म्हणून बाण, आपल्या तालुक्याचा माणूस म्हणून बाण, डोळ्यात पाणी आलं म्हणून बाण. मराठीत तर 'एक छोटीशी गोष्ट सांगतो' अशी सुरुवात करून, मध्ये सूर्यास्ताचा फोटो टाकून, शेवटी 'धन्यवाद, वाचत राहा' म्हणणारं उत्तर हमखास वर जातं. प्रश्न असतो फेरफार नोंदीला हरकत कशी घ्यायची. गोष्ट असते आजोबांच्या बैलजोडीची. बैलजोडी मलाही आवडते हो, पण फेरफार?

दोन बटणं ठेवा. एक 'आवडलं'. दुसरं 'मी हे करून पाहिलं, जमलं'. क्रम लावताना दुसऱ्यालाच धरा. आणि तिसरं, लहानसं, 'आता लागू नाही'. पाच-दहा लोकांनी ते दाबलं की उत्तराच्या डोक्यावर पट्टी यावी आणि ते आपोआप खाली सरकावं. आमच्या ताईची सही वाचली असती ती या तिसऱ्या बटणाने. लोक मुद्दाम दाबतील, सूड म्हणून दाबतील, अशी शंका येईल. त्यालाही तोड आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर दुसऱ्याच्या उत्तराला खालचा बाण दिला तर देणाऱ्याचाही एक गुण जातो. खिशातून काही जात असलं की माणूस विचार करून हात घालतो.

तारीखही मोठ्या अक्षरात हवी, नावाच्या शेजारी. सध्या ती कुठेतरी फिकट करड्या रंगात लपलेली असते, किंवा नसतेच. औषधाच्या बाटलीवर एक्सपायरी छापायची सक्ती आहे, सल्ल्यावर का नको?

आणि हे सगळं आताच का बोलतोय? कारण आता वाचणारे आपण एकटे नाही. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआयने लोकांना सल्ला दिला होता की पिझ्झ्यावरचं चीज घसरत असेल तर सॉसमध्ये थोडा गोंद मिसळा. कुठून आलं हे? रेडिटवर अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी केलेल्या चेष्टेतून. माणसाला विनोद कळतो, मशीन ते उत्तर समजून उचलतं. उद्या शेतकरी फोनला मराठीत विचारेल, "सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडलाय, काय फवारू?" आणि फोन मराठीतल्या कुठल्यातरी वरच्या उत्तरातून उचलून सांगेल. मराठीत मुळात मजकूर कमी. त्यात वर काय ठेवलंय यावर सगळं अवलंबून.

असो. खाली कमेंटमध्ये कुणी वकील असतील तर विनंती, २००५ आणि २०२० च्या मुद्द्यावर माझं काही राहिलं असेल तर भर घाला, मी पोस्टमध्ये तारखेसकट टाकतो. आणि ज्यांच्याकडे सध्या वाटणीची बोलणी चालू आहेत त्यांनी इंटरनेटवरचं उत्तर वाचताना आधी ते कोणत्या सालातलं आहे ते बघा. सही मग.