शपथ, देव आणि दोनतृतीयांश

गोव्यांतील देव जागृत आहेत असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. ते राजकारणांतही लक्ष घालतात, हें मात्र अलीकडेच समजलें. जानेवारी २०२२ मध्यें निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेस पक्षानें आपल्या उमेदवारांस पणजीचें महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तीन ठिकाणीं नेऊन, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाहीं अशी शपथ घ्यावयास लाविली. तीन धर्म जामीन राहिले असतां आणखी कागदपत्राची जरूर ती काय? मार्चमध्यें अकरा जण निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ रोजीं त्यांपैकीं आठ जण भारतीय जनता पक्षांत दाखल झाले. शपथेचें काय, असें विचारतां त्यांतील एका माजी मुख्यमंत्र्यांनीं सांगितलें कीं, आपण देवाला विचारलें, व आपणांस योग्य वाटेल तें करण्यास देवाची हरकत नव्हती. जामिनानेंच ऋणकोस मोकळें केल्यावर धनकोनें, म्हणजे मतदारानें, कोणत्या कोर्टांत जावें?

आठ हा आंकडा सहज पडलेला नाहीं. घटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणें विधिमंडळ पक्षाचे दोनतृतीयांश सभासद विलीनीकरणास राजी झाले तर त्यांस अपात्रतेचें भय नाहीं. अकराचे दोनतृतीयांश सातांहून किंचित् अधिक. माणसाचा तुकडा करतां येत नाहीं, म्हणून आठ. सातच निघाले असते तर तो दोष होता. आठवा येतांच दोषाचें विलीनीकरण झालें. जुलै २०१९ मध्यें याच पक्षाच्या पंधरांपैकीं नेमके दहा जण गेले होते. अंदाजपत्रकाच्या वेळीं ज्यांस जांभया येतात, त्यांचें अपूर्णांकांचें ज्ञान इतकें चोख असावें याचें आम्हांस कौतुक वाटतें! मूळ पक्ष शाबूत असतां त्याचे आमदार परस्पर विलीन होऊं शकतात, हें मुंबई उच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें गोव्याच्याच प्रकरणांत मान्य केलें. न्यायालयाचा पूर्ण मान राखून आम्ही म्हणतों कीं, नदी जागच्या जागीं राहून पाणी तेवढें दुसरीकडे गेलें, तर त्यास शेतकरी संगम म्हणत नाहीं. पाट फोडला म्हणतो.

या रोगाचें मूळ जुनें आहे व कोणत्याही एका पक्षाचें नाहीं. हरियाणांतील गयालाल यांनीं १९६७ सालीं एका पंधरवड्यांत तीनदां पक्ष बदलला. त्याच प्रांतांत १९८० सालीं भजनलाल जनता पक्षाचे बहुतेक आमदार घेऊन काँग्रेसांत गेले. पहिल्याची थट्टा झाली, दुसऱ्याचें मुख्यमंत्रिपद कायम राहिलें. १९८५ च्या कायद्यानेंही हाच विवेक दाखविला: एकट्यास शिक्षा, एकतृतीयांशांस माफी. २००३ मध्यें ही एकतृतीयांशांची सवलत काढली, पण दोनतृतीयांशांची ठेविली. दुकानाचें दार लाविलें आणि वखारीचें उघडें टाकलें. एका अशिलाचें वकीलपत्र घेऊन त्याच कामांत प्रतिपक्षातर्फे उभा राहणाऱ्या वकिलाची सनद धोक्यांत येते. आठ वकिलांनीं मिळून तसें केल्यास तो पेढीचा विस्तार समजावा, असें अद्याप कोणीं म्हटलेलें नाहीं.

आणि न्याय देणार कोण? तर सभापति, जे बहुधा सत्तारूढ पक्षाचेच! गोव्यांतील २०१९ च्या पक्षांतरावरील तक्रारी एप्रिल २०२१ मध्यें फेटाळण्यांत आल्या; तोंवर विधानसभेचें आयुष्य वर्षभरही उरलें नव्हतें. महाराष्ट्रांत शिवसेना जून २०२२ मध्यें फुटली. वाजवी मुदतींत निकाल द्या, असें सर्वोच्च न्यायालयास मे २०२३ मध्यें अध्यक्षांस सांगावें लागलें. निकाल १० जानेवारी २०२४ रोजीं आला, व दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाहीं. एवढा संसार मोडला आणि दोष कोणाचाच नाहीं!

आमची मागणी मोठी नाहीं. पक्ष सोडणारा एकटा असो वा आठवा असो, त्यानें आधीं आमदारकी सोडावी व नव्या निशाणीवर पुन्हां मतें मागावीं. तक्रारींचा निवाडा सभापतींकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा. हें आमच्या पदरचें नव्हे. मणिपूरच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेंच जानेवारी २०२० मध्यें संसदेस तसें सुचविलें, व असे निवाडे सामान्यतः तीन महिन्यांत व्हावे असेंही म्हटलें. आमच्या वाचकांनीं आपापल्या खासदारांस पत्र लिहून या सूचनेविषयीं त्यांचें मत विचारावें. उत्तर आल्यास आम्ही तें याच स्तंभांत आनंदानें छापूं. जागा राखून ठेविली आहे.